खुराड्यावरचा पत्रा

1986 सालचा मे महिना. रमजान त्या वर्षी भर उन्हाळ्यात आला होता. बार्शी तालुक्यातल्या आमच्या गावात दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. अशात अब्बा कुठून तरी चार जुने पत्रे घेऊन आले आणि मोठ्या हौसेनं त्यांनी ते अम्माच्या खुराड्यावर घातले. आधी तिथं उसाचं पाचट होतं. पावसाळ्यात ते कुजायचं, गळायचं, त्यात विंचू निघायचे. अब्बांच्या लेखी पत्रा म्हणजे सुधारणा. अम्मा एवढंच म्हणाली, "इसके नीचे दोपार को तुम बैठके देखो."

एक मुंगूस सोकावलं होतं, म्हणून कोंबड्या दिवसाही कोंडून ठेवाव्या लागत. खुराड्याच्या दारावर गोणपाट टांगलेलं असे. ते तासातासाला भिजवायचं काम माझ्याकडे होतं. तेरा वर्षांचा मी, रोजा धरलेला. पत्रे घातल्याच्या तिसऱ्या दिवशी माझा डोळा लागला. असरच्या नमाजाला अम्मा उठली तेव्हा चौदांपैकी नऊ कोंबड्या मेल्या होत्या. चोची उघड्या, पंख अंगापासून दूर पसरलेले. अंड्यांच्या पैशांवर माझ्या जूनमधल्या वह्या-पुस्तकांचा हिशेब बसवलेला होता.

पत्र्यानं मेल्या की माझ्या झोपेनं? हा प्रश्न मी पुढं बरीच वर्षं बाळगला. कोंबडीविषयी आणि उन्हाविषयी जे हाती लागेल ते वाचत गेलो, त्याचं मूळ तिथं आहे.

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या कातडीत घर्मग्रंथीच नाहीत. अंगाचं तापमान मुळातच 41 अंशांच्या आसपास, वर पिसांचं पांघरूण. तुरा आणि गळ्याखालची लोळी यांतून थोडी उष्णता बाहेर पडते. बाकी सगळी भिस्त चोच उघडून धापा टाकण्यावर. पण धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड भराभर निघून जातो आणि अंड्याच्या कवचाला लागणारा कार्बोनेट कमी पडतो. उन्हाळ्यात अंडी पापुद्र्यासारख्या कवचाची का होतात, याचं हे एक कारण. अम्मा अशी अंडी बाजारात नेत नसे, आम्हाला खायला घालायची. आम्हाला वाटायचं, लाड चाललेत.

मग असा पक्षी आपल्या तापत्या माळावर आला कसा? त्याचा पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या झाडोऱ्यात, बांबूच्या बेटांत राहणारा, सावलीतला जीव. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीशीर हाडं मध्य थायलंडमधल्या बान नॉन वाट इथली, इसवी सनपूर्व 1650 ते 1250 या काळातली आहेत. माणूस कोरडवाहू भात पिकवू लागला आणि त्या दाण्यांच्या ओढीनं रानकोंबडा झाडावरून अंगणात उतरला, असा त्या संशोधकांचा कयास आहे. दाणे मिळाले, रान सुटलं. रानातली सावली आता माणसानं करून द्यायची होती, आणि घरोघर ते काम बायकांच्या वाट्याला आलं. शेणामातीच्या जाड भिंती, वर पाचट किंवा तुराट्या, कडुनिंबाखालची जागा, जमिनीत अर्धवट पुरलेला पाण्याचा परळ. या बांधकामाचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला नाही.

बादशहांचा मात्र लिहिला गेला. अकबरानं वाळ्याच्या मुळ्या बांबूच्या चौकटीत भरून त्यांवर पाणी मारायची पद्धत रूढ केली, अशी नोंद अबुल फजलनं 'आईन-ए-अकबरी'त केली आहे. पाणी वाफ होऊन उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. अम्माचं गोणपाट तेच करत होतं, फक्त त्याला वाळ्याचा सुगंध नव्हता. एक गोष्ट मात्र तिला चांगली ठाऊक होती. समोरच्या भिंतीत तिनं विटेएवढा झरोका ठेवला होता आणि तो कुणाला बुजवू देत नसे. वारा खेळला नाही तर आत दमट कोंदटपणा साचतो, आणि दमट हवेत कोंबडीच्या धापा वाया जातात.

पन्हाळी पत्र्याचं पेटंट लंडनमध्ये 1829 साली निघालं, त्यावर जस्ताचा मुलामा देण्याचं फ्रान्समध्ये 1837 साली. पत्रा हलका, टिकाऊ, वाहून न्यायला सोपा. गोद्या, छावण्या, रेल्वेची ठाणी करत तो आपल्या गावात शिरला. पाऊस त्यानं अडवला यात शंका नाही. पण तापलेला पत्रा ऊन नुसतं अडवत नाही, खालच्या बाजूनं तेच ऊन पुन्हा फेकतो. पाचटात अडकलेली हवा उष्णता आत येऊ देत नाही. पत्र्यात हवा नाही की ओल नाही.

पुढं कोंबडीपालन हा धंदा झाला. 1971 साली डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, पुणे हे या धंद्याचं मोठं केंद्र बनलं, 1982 साली अंडी समन्वय समिती आली. हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये गोणपाट भिजवायला कोण बसणार? मग फॉगर आले, आणि ईसी शेडमध्ये एका टोकाला ओले पॅड, दुसऱ्या टोकाला मोठाले पंखे. अकबराची ताटीच ती, विजेवर चालणारी. वीज गेली आणि जनरेटर रुसला, तर काही मिनिटांत शेड भट्टी होते.

त्या दिवशी अब्बा काही बोलले नाहीत. मला रागावलेही नाहीत. रोजा सोडल्यावर कंदिलाच्या उजेडात त्यांनी पत्रे उतरवले आणि दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत पाचटाचे दोन भारे डोक्यावरून आणले. पत्रे न्हाणीवर गेले. मी त्या वर्षी जुन्या पुस्तकांवर शिकलो. उरलेल्या पाच कोंबड्यांपैकी एक श्रावणात खुडूक बसली.

आता अम्मा नाही, अब्बाही नाहीत. माझ्या भाच्यानं गावाजवळ साधी उघड्या बाजूंची शेड घातली आहे. पूर्व-पश्चिम लांब, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन लांब बाजूंनी आत येत नाही. दुपारी खाद्य बंद, कारण पचनाचीही उष्णता होते. पहाटे आणि संध्याकाळीच तो खाद्य देतो. मागच्या मे महिन्यात गेलो तेव्हा पाहिलं, पत्र्यांवर उसाचं पाचट अंथरलं होतं आणि त्यावर फवारे चालू होते.

"हे कुठं शिकलास?" मी विचारलं.

"प्रशिक्षण घेतलं ना, मामू. तीन दिवसांचं."