समुद्र ‘लागतो’ तेव्हा : नाशिकचे प्रायश्चित्त, गांधींचा प्रवास आणि आल्याचा तुकडा

१/ मराठीत ऊन लागते, दृष्ट लागते, गाडी लागते आणि बोटही लागते. पोटात ढवळून येणे, घाम फुटणे आणि वांती होणे या साऱ्या यातना आपल्या भाषेने एका ‘लागणे’ या क्रियापदात सामावल्या. ग्रीकांनीही मळमळीचा शब्द ‘नाउस’ म्हणजे जहाज या शब्दावरूनच घडवला. आजचा धागा या विकाराच्या इतिहासावर, आणि त्यात नाशिकचा संबंध कोठे येतो यावर.

२/ नाशिकला समुद्र नाही, तरीही समुद्र ओलांडून आलेल्यांचे नाशिकशी काम पडे. बौधायन धर्मसूत्राने पातित्य आणणाऱ्या कर्मांत समुद्रप्रवासाची गणना केली, आणि पुढील निबंधकारांनी तो कलिवर्ज्यांत घातला. परत आलेल्याला जातीत घ्यायचे तर प्रायश्चित्त हवे, आणि त्यासाठी गोदावरीसारखे तीर्थ हवे.

३/ याचे एक जुने उदाहरण पेशवाईतले आहे. नाशिकजवळच्या आनंदवल्लीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, त्या राघोबादादांनी १७८१ मध्ये हनुमंतराव नावाच्या ब्राह्मण वकिलाला इंग्लंडला धाडले. तेथे एडमंड बर्क यांनी त्याच्या सोवळ्याओवळ्याला साजेशी राहण्याची सोय करून दिली. स्वदेशी परतल्यावर मात्र त्याला शुद्धीकरणाला सामोरे जावे लागले.

४/ शंभर वर्षांनंतरही परिस्थिती फारशी पालटली नव्हती. १८८८ मध्ये मोहनदास गांधी विलायतेला जाण्यासाठी मुंबईत आले, तेव्हा स्नेह्यांनी त्यांच्या बंधूंना बजावले की जून-जुलैत समुद्र खवळलेला असतो; मुलाचा हा पहिलाच प्रवास आहे, त्याला दिवाळीनंतर पाठवा. नुकतेच एक जहाज वादळात बुडाल्याची वार्ताही कोणी आणली. प्रवास लांबला.

५/ या विलंबाचा परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. मधल्या काळात मोढ वाणी जातीतल्या मंडळींत खळबळ उडाली, पंचायत भरली आणि गांधींना जातिबहिष्कृत करण्यात आले. पावसाळी समुद्राच्या भीतीने जो अवधी मिळाला, त्यातच धर्मभयाने डोके वर काढले. अखेर ४ सप्टेंबर १८८८ रोजी ते निघाले, आणि त्या प्रवासात त्यांना बोट मुळीच लागली नाही.

६/ परतीचा प्रवास मात्र ऐन पावसाळ्यात झाला. १२ जून १८९१ रोजी त्यांनी इंग्लंड सोडले. एडनपासून समुद्र खवळलेला होता आणि जवळजवळ सगळे प्रवासी आडवे झाले होते. आत्मचरित्रात गांधी सांगतात की ते स्वतः डेकवर उभे राहून लाटांचे तुषार अंगावर घेत. सकाळच्या न्याहारीला त्यांच्याखेरीज एखाददुसराच माणूस असे, आणि तोही लापशीची ताटली मांडीवर सांभाळून धरी. न धरावी तर लापशीच मांडीवर यायची!

७/ मुंबईत उतरल्यावर राजकोटला जाण्याआधी बंधूंनी त्यांना नाशिकला आणले व गोदावरीत स्नान घडवले. पुढे राजकोटला जातभोजन घातले. जातीतला एक तट त्यांना परत घेण्यास तयार होता, त्याच्या समाधानासाठी हा खटाटोप होता. गांधींना स्वतःला तो रुचला नव्हता.

८/ इतिहासाच्या दृष्टीने येथे एक विसंगती दिसते. समुद्रप्रवासाने धर्म बुडाला तर त्यावर उपाय ठरलेला होता. त्याचे क्षेत्र, विधी आणि खर्च सारे ठाऊक होते. पण त्याच प्रवासात देहाचे जे हाल होत, त्यावर १८९१ मध्ये खात्रीचा उपाय कोणापाशीच नव्हता. साम्राज्याच्या आरमारापाशीही नव्हता. ॲडमिरल नेल्सनला अखेरपर्यंत समुद्र लागत असे. चार्ल्स डार्विनने ‘बीगल’वरील जवळजवळ पाच वर्षे (१८३१-३६) हा त्रास सोसला, त्यात मनुका तेवढ्या त्याच्या पोटात टिकत.

९/ कारणाचा शोध मात्र याच सुमारास लागत होता. १८८२ मध्ये अमेरिकन विचारवंत विल्यम जेम्स यांनी ५१९ मूकबधिर व्यक्तींची पाहणी प्रसिद्ध केली. गरगर फिरवूनही त्यांतील १८६ जणांना भोवळ आली नाही. ज्यांच्या आतल्या कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय निकामी असते, त्यांना बोटही लागत नसावी, असा तर्क त्यातून निघाला आणि पुढील संशोधनाने तो खरा ठरवला. दोष पोटाचा नव्हे, कानाचा!

१०/ याचे गमक असे : बंद खोलीत डोळे सांगतात ‘सारे स्थिर आहे’, कान सांगतो ‘आपण हेलकावतो आहोत’. या दोन साक्षींचा मेळ न बसल्याने मेंदू गोंधळतो. डेकवर उभे राहून क्षितिज पाहिले की दोन्ही साक्षी जुळू लागतात. गांधींची प्रकृती मुळात दणकट असेलही, कारण हा त्रास व्यक्तीगणिक कमीअधिक असतो. पण वादळात ते योग्य जागी उभे होते, हेही खरे.

११/ कोकणच्या माणसाला हे शास्त्र न वाचताही ठाऊक होते. मुंबईहून आगबोटीने रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याकडे जाणारा चाकरमानी मोकळ्या डेकवर वळकटी टाकी. अनेक बंदरांत धक्का नसल्याने बोट दूर उभी राही, आणि पडावात उतरताना उरलासुरला धीरही सुटे. पावसाळ्यात ही वाहतूक बंदच असे. सोबतीला लिंबू, आवळासुपारी आणि आल्याचा तुकडा.

१२/ यांपैकी आल्याची परीक्षा पुढे प्रयोगात झाली. १९८८ मध्ये डेन्मार्कच्या ८० नौदल छात्रांवर खवळलेल्या समुद्रात चाचणी घेण्यात आली. एक ग्रॅम सुंठीच्या चूर्णाने वांती व घाम कमी झाला. मळमळ मात्र फारशी हटली नाही. म्हणजे आजीचा उपाय खोटा नव्हता, पण त्याला मर्यादा होती.

१३/ दुसरा धागा धोत्र्याकडे जातो. आपण महादेवाला वाहतो त्या धोत्र्यात हायोसीन हे द्रव्य असते. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या ब्रिटिश सैनिकांना बोट लागू नये म्हणून याच द्रव्याच्या गोळ्या दिल्या होत्या. (धोत्रा स्वतः जहाल विष आहे, घरगुती प्रयोग प्राणावर बेततील.)

१४/ तिसरा शोध योगायोगाने लागला. १९४७ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पित्ताच्या गांधींसाठी नवे औषध घेणाऱ्या एका बाईंच्या लक्षात आले की आता आपल्याला ट्राम लागत नाही. डॉ. गे आणि डॉ. कार्लिनर यांनी त्याच हिवाळ्यात ‘जनरल बॅलू’ या जहाजावरील सैनिकांवर त्याची चाचणी घेतली. हेच ड्रामामाइन.

१५/ आज मुंबईहून क्रूझवर निघणाऱ्या नाशिककराला या इतिहासातून काय घेता येईल? खोली जहाजाच्या मध्यभागी व खालच्या मजल्यावर निवडावी. तेथे हेलकावा कमी असतो. त्रास सुरू होताच उघड्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहावे. मोबाइल व पुस्तक दूर ठेवावे. पोट रिकामे नसावे आणि तुडुंबही नसावे. मद्य टाळावे.

१६/ औषध मळमळ सुरू होण्याआधी, निघण्यापूर्वी तासभर तरी घ्यावे लागते. अवोमिन (प्रोमेथाझिन) परिणामकारक आहे, पण झोप आणते. स्टुजेरॉन (सिनारिझिन) हा दुसरा पर्याय. उलटीवर सर्रास दिले जाणारे ऑनडान्सेट्रॉन या विकारावर फारसे चालत नाही, कारण येथे मूळ कानात आहे. गर्भवती, लहान मुले, काचबिंदू वा प्रोस्टेटचा त्रास असलेले यांनी डॉक्टरांना विचारूनच गोळी घ्यावी. कसारा घाटात ज्यांना गाडी लागते, त्यांनी ही तयारी अवश्य करावी.

१७/ प्रायश्चित्ताची नोंद ग्रंथांत झाली, पंचायतींच्या निवाड्यांत झाली. डेकवर आडवे पडलेल्या सामान्य प्रवाशांची नोंद मात्र कोणी फारशी ठेवली नाही. आपल्या घरी कोकण बोटीने प्रवास केलेले कोणी वडीलधारे असतील, तर त्यांना काय लागले आणि काय लागू पडले, हे विचारून खाली अवश्य लिहावे. ही माहिती दप्तरखान्यात सापडणारी नाही.

(धागा समाप्त)