मेज (गोवा)

पायांवर सपाट फळी बसवलेले फर्निचर. गोव्यात टेबलापेक्षा मेज हा शब्द घरोघर रुळलेला. पोर्तुगीज अमलात (१५१०–१९६१) ख्रिस्ती घरांतील जेवण मेजावर आले. हिंदू घरांत पाट आणि केळीचे पान बराच काळ टिकले. सोळाव्या-सतराव्या शतकांत इथल्या कारागिरांनी सागवानात आबनूस नि हस्तिदंत जडवून घडवलेली मेजे युरोपात गेली, त्यांतील काही तिथल्या संग्रहालयांत आहेत. चतुर्थीला डिचोली-पेडण्यात गणपती चौरंगावर बसतो, वर माटोळी, म्हणजे फळापानांची टांगती आरास. चौरंग हा मेजाचा बुटका भाऊच. वास्कोत श्रीदामोदर सप्ताहाच्या फेरीत खाजे मांडायला रस्त्याकडेला फळ्यांची तात्पुरती मेजे उभी राहतात. कचेरीत ‘टेबलाखालून’ होणारा व्यवहार मात्र सर्वत्र सारखाच.