प्रिंटएफची गाळलेली जागा

'मी, खाली सही करणार, वय अमुक, राहणार तमुक' अशी छापील ओळ आपण सगळ्यांनीच कधी ना कधी भरली आहे. वाक्य आधीच तयार, आपण फक्त गाळलेल्या जागा भरायच्या. संगणकाच्या पडद्यावर उमटणारी बरीचशी वाक्येही अशीच असतात. त्या जागा भरणाऱ्या एका लहानशा आज्ञेचा, सी भाषेतल्या 'प्रिंटएफ'चा, इतिहास आज सांगावासा वाटतो. पडद्यावरची मराठी इतकी अवघडलेली का वाटते, याचे निम्मे उत्तर मला त्यात सापडते.

कल्पना सीपेक्षा जुनी. १९५७ साली आयबीएममध्ये जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांची फोरट्रान ही भाषा आली. तिच्यात 'फॉरमॅट' नावाचे विधान होते. आकडा पाच घरांत बसवा, दशांशचिन्हापुढे दोनच अंक ठेवा, अशा सूचना त्यात देता येत. मध्येच एखादा शब्द छापायचा तर त्यातली अक्षरे बोटांवर मोजून तो आकडा आधी लिहायचा. इंग्रजीतला 'टोटल' हवा तर आधी पाच. मोजणी चुकली की ओळ बिघडली.

पुढे केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्स यांच्या बीसीपीएल भाषेत 'राइटएफ' आले. त्यात वाक्य सलग लिहायचे आणि जिथे किंमत भरायची तिथे टक्क्याची खूण ठेवायची. ही युक्ती अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये केन टॉम्प्सन यांच्या 'बी' भाषेत गेली, तिथे तिचे नाव प्रिंटएफ झाले. मग डेनिस रिची यांच्या सीमध्ये ती स्थिरावली. नावातला 'एफ' म्हणजे फॉरमॅटेड, आखीव. %डी म्हणजे इथे आकडा, %एस म्हणजे इथे शब्द. १९७८ साली कर्निगन आणि रिची यांचे सीवरचे पुस्तक आले. त्यातला पहिलाच कार्यक्रम जगाला नमस्कार करतो, तो प्रिंटएफच्या तोंडून.

हे प्रिंटएफ मोठे भोळे. वाक्यात तीन जागा आणि किंमती दोनच दिल्या तरी ते तक्रार करत नाही, स्मृतीत जे हाती लागेल ते तिसऱ्या जागी मांडते. %एन ही खूण तर उलट स्मृतीत आकडा लिहून ठेवते. बाहेरच्या माणसाने पाठवलेला मजकूरच साचा म्हणून वापरला गेला, तर या खुणा त्याच्या हाती जातात. २००० साली डब्ल्यूयू-एफटीपीडी या फायली पाठवणाऱ्या सर्व्हरमध्ये नेमकी हीच फट सापडली आणि आज्ञावली लिहिणारे सावध झाले.

आपल्याला भोवतो तो दुसरा भोळेपणा. एक अक्षर म्हणजे एक बाइट, असे प्रिंटएफ धरून चालते. %१०एस म्हटले की ते शब्दाला दहा बाइटांची जागा देते. रोमन लिपीतल्या 'गोवा'ची अक्षरे तीन, म्हणून सात मोकळ्या जागा भरून रकाना सरळ राहतो. आता हाच शब्द देवनागरीत घ्या. ग, ओकार, व आणि काना असे चार संकेत, प्रत्येकी तीन बाइट, एकूण बारा. डोळ्यांना अक्षरे दोनच दिसतात, पण प्रिंटएफच्या लेखी रकाना भरून वाहिला! मोकळी जागा एकही मिळत नाही आणि तक्ता वाकडा होतो. शब्द चारपर्यंत कापा म्हटले तर 'ग' शाबूत राहतो आणि ओकाराचा एक तुकडा लटकतो. गंमत अशी की, तीन बाइटांची ही यूटीएफ-८ पद्धत १९९२ साली रॉब पाइक यांच्यासह घडवली ती याच केन टॉम्प्सन यांनी.

गोमंतकीयांना यात नवे काही वाटू नये. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापले गेले, ते मराठी असूनही रोमन लिपीत. छापण्याचे साधन परक्या लिपीसाठी घडलेले असले की वाकावे लागते ते आपल्या मजकुराला.

पण लिपीपेक्षा व्याकरणाची अडचण खोल आहे. इंग्रजी साच्यात आधी आकडा, मग गाव. मराठीत गाव आधी यायला हवे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात युनिक्सच्या समाईक नियमांत याची सोय झाली. कोणत्या जागी कितवी किंमत घ्यायची ते खुणेतच सांगता येऊ लागले. क्रमाचा प्रश्न सुटला, विभक्तीचा राहिला. पणजीचे 'पणजीत' होते, मडगावचे 'मडगावात', म्हापशाचे तर मूळ रूपच 'म्हापसा', आणि गोव्याचे 'गोवात' कधीच होत नाही. गाळलेल्या जागेत पडणारा शब्द बदलत नाही, हे इंग्रजीपुरते खरे. मग अनुवादक बिचारा करतो काय? 'म्हापसा मध्ये १ फायली सापडल्या' असे काहीतरी उमटते आणि आपण त्याच्या मराठीला हसतो. दोष बहुधा साच्याचा असतो, त्याच्या हाती तर सुटे तुकडेच आलेले असतात.

यावर मला पटलेला उपाय आपल्या जुन्या जमाखर्चाच्या वहीतला आहे. साचा मराठीसाठी लिहायचा तर गाळलेल्या जागेला प्रत्ययच लागू देऊ नये. 'गाव : म्हापसा. फायली : १.' यात सामान्यरूप नको, वचनाची ओढाताण नको. वाक्य थोडे कोरडे होते खरे, पण ते मराठी असते.