विमुक्त जमातींचे मानवी हक्क आणि सामाजिक कार्यकर्ते : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
मानवी हक्कांचा इतिहास बहुधा जाहीरनाम्यांच्या आणि कायद्यांच्या अंगाने लिहिला जातो. परंतु ज्या समाजघटकांना कायद्यानेच जन्मतः गुन्हेगार ठरविले, त्यांच्या बाबतीत ही मांडणी अपुरी ठरते. कायदा रद्द झाला तरी संशय रद्द झाला नाही. या संशयाविरुद्ध सामाजिक कार्यकर्त्यांनी दिलेल्या लढ्याचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

गुन्हेगार जमाती कायदा :
ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. आरंभी तो उत्तर भारतात लागू झाला आणि १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई व मद्रास इलाख्यांपर्यंत वाढली. एखादी जमात अधिसूचित झाली की तिच्यातील व्यक्तींची नोंदणी, पोलिसांकडील हजेरी आणि गाव सोडण्यासाठी परवाना अशी बंधने येत. व्यक्तीने गुन्हा केला आहे की नाही, हा प्रश्नच उरत नसे. मुंबई इलाख्यात सोलापूरची 'सेटलमेंट' प्रसिद्ध होती. काटेरी तारांच्या कुंपणात राहणारी तेथील माणसे कापड गिरण्यांत मजुरी करीत. सुधारणेच्या नावाखाली उद्योगांना स्वस्त व बांधील मजूर मिळत होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

स्वातंत्र्योत्तर विसंगती :
अय्यंगार समितीच्या शिफारशीनंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. तथापि, निरनिराळ्या राज्यांनी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे केले. कागदोपत्री हे कायदे जमातीला नव्हे, तर व्यक्तीला लागू होते. प्रत्यक्षात चोरी झाली की पोलिसांची पावले पारध्यांच्या पालाकडेच वळत. महाराष्ट्राने १४ विमुक्त जाती आणि २८ भटक्या जमातींची स्वतंत्र सूची केली, पण देशपातळीवर एकवाक्यता राहिली नाही. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत, तर आंध्र प्रदेशात अनुसूचित जमातींत गणला गेला.

साहित्यातून साक्ष :
कार्यकर्त्यांच्या पिढीने हे वास्तव प्रथम लेखनातून समाजासमोर आणले. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) या दोन्ही आत्मकथनांना साहित्य अकादमीचे पुरस्कार लाभले. दोन्ही लेखक संघटनेच्या कार्यातही अग्रेसर होते. त्यामुळे ही पुस्तके केवळ साहित्यकृती न राहता त्या समाजाची जाहीर साक्ष ठरली.

बुधन सबर प्रकरण :
फेब्रुवारी १९९८ मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यातील खेडिया सबर जमातीचा बुधन सबर हा तरुण कोठडीत मरण पावला. पोलिसांनी आत्महत्येचा दावा केला. पुरावा नष्ट होऊ नये म्हणून गावकऱ्यांनी मृतदेह झोपडीत पुरून ठेवला व प्रतिकृतीचे दहन केले. महाश्वेता देवी ज्या खेडिया सबर कल्याण समितीशी निगडित होत्या, त्या समितीने कलकत्ता उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायमूर्ती रुमा पाल यांनी केंद्रीय अन्वेषण विभागाकडे तपास सोपवून बुधनच्या पत्नीला भरपाई देण्याचा आदेश दिला.

त्याच वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्त व भटक्या जमातींच्या हक्कांसाठी कृतिगट स्थापन केला. अहमदाबादच्या छारानगरातील तरुणांनी बुधनच्या मृत्यूवर नाटक बसविले आणि त्यातून 'बुधन थिएटर' उभे राहिले. बंगालमधील एका मृत्यूने गुजरात व महाराष्ट्रातील कार्यकर्ते एकत्र आले, हे या लढ्याचे वैशिष्ट्य होय. पूर्वीच्या कार्याचा भर शाळा, वसतिगृहे व पुनर्वसनावर होता. आता दयेऐवजी हक्काची भाषा आली.

परिणाम :
राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० मध्ये सराईत गुन्हेगार कायदे रद्द करण्याची शिफारस केली. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये अहवाल सादर केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावलींतील जातिभेदाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या आणि विमुक्त जमातींतील व्यक्तींना मनमानी अटक होऊ नये, असे पोलिसांना बजावले.

निष्कर्ष :
कायदा रद्द झाल्यानंतर बहात्तर वर्षांनीही न्यायालयाला असा आदेश द्यावा लागला, यातच या प्रश्नाचे गांभीर्य स्पष्ट होते. लेखणी, रंगभूमी आणि न्यायालय ही तिन्ही साधने कार्यकर्त्यांनी एकत्र वापरली तेव्हाच शासनयंत्रणा हलली. सेटलमेंटचे कुंपण निघाले आहे. पोलीस ठाण्याच्या आणि गावाच्या मनातील कुंपण काढणे हे कार्य अद्याप शिल्लक आहे.