एक 'आय', अनेक घरे

रेडिओवर शब्द दिसत नाही, नुसता ऐकू येतो. त्यामुळे मी 'आय' म्हटले, तर कोण काय समजेल याचा भरवसा नाही. खेड्यातल्या आपल्या माणसाला आई आठवेल, हिशेबनिसाला उत्पन्न. इस्तंबूलच्या माणसासाठी 'आय' म्हणजे चंद्र, आणि महिनाही. तिथे राष्ट्रध्वजालाच 'आय-यिल्दिझ', म्हणजे चंद्र-तारा, म्हणतात. जर्मन माणसाचे 'आय' म्हणजे अंडे, फ्रेंच माणसाची त्याच उच्चाराची लसूण. आणि जपानी 'आइ' म्हणजे प्रेम!

मग या सगळ्या भाषा एकाच आईच्या लेकी म्हणायच्या का? तसा मोह होतो खरा. असल्या जोड्या जमवून अमका देश मूळचा आमचाच, असे सांगणारेही भेटतात. पण प्रत्येक शब्दाची वाट वेगळी आहे. उत्पन्नाचा 'आय' संस्कृतातला. 'आ' आणि 'इ' धातू मिळून 'आत येणे'. फ्रेंच शब्द लॅटिन 'आलिउम'चा झिजून उरलेला तुकडा. जपानी 'आइ' लिपीबरोबर चीनमधून उसना आलेला. माणसाच्या तोंडातून निघणारे ध्वनी मोजके, त्यामुळे छोटे शब्द एकमेकांवर आदळायचेच. कधी अर्थही जुळतो. 'बदनाम'मधला फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा अर्थ एक, नाते मात्र काही नाही.

नाते ओळखायचे कसे? १७८६ मध्ये कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचे मूळ एक असावे, असे मांडले. त्यांनी भर दिला तो धातूंवर आणि व्याकरणाच्या रूपांवर. पुढच्या अभ्यासकांनी ध्वनिबदलांचे नियम शोधले. संस्कृत 'दश', इंग्रजी 'टेन'. आपला 'दंत', त्यांचा 'टूथ'. 'द'चा 'ट' एकदा नव्हे, पुन्हापुन्हा होतो. एका शब्दाचा योगायोग असू शकतो, रांगेचा नसतो.

आता गंमत पाहा. इंग्रजी माणूस स्वतःला 'आय' म्हणतो. त्याचे खरे भाईबंद डच 'इक', लॅटिन 'एगो' आणि आपले संस्कृत 'अहम्'. कानाला एकही सारखा वाटत नाही, तरी घराणे एकच. आणि हुबेहूब सारखा ऐकू येणारा आपला 'आय' त्याचा कोणीच लागत नाही.