गवत कापताय की फाडताय? रील मोअर तपासा कागदाच्या पट्टीने

कापणीनंतर दोन दिवसांत लॉनचे शेंडे पांढुरके दिसायला लागले? लगेच पाण्याला दोष देऊ नका. खाली बसून एक पातं बघा. टोक चिंध्यांसारखं फाटलेलं असेल, तर गडबड मशीनमध्ये आहे.

रील मोअरमध्ये दंडगोलावर फिरणारी पिळदार पाती असतात आणि खाली एक स्थिर पातं. दोघांमध्ये सापडलेलं गवत कात्रीसारखं कापलं जातं. १८३० मध्ये इंग्लंडच्या एडविन बडिंगने याचं पेटंट घेतलं. कल्पना सुचली ती लोकरी कापडावरची लव कातरणाऱ्या यंत्रावरून! गोल्फच्या ग्रीनवरची साधारण ३ मिलिमीटरची कापणी आजही रील मोअरच करतो.

आता चाचणी. मोटर असेल तर वीज किंवा बॅटरी आधी तोडा, जाड हातमोजे घाला. वर्तमानपत्राची पट्टी पात्यांमध्ये धरून दंडगोल हळू फिरवा, बोटांऐवजी काठीने. डावीकडे, मध्ये, उजवीकडे, तिन्ही ठिकाणी. कागद सरळ कापला गेला तर उत्तम. एका टोकाला नुसता दुमडला, तर त्या बाजूचा स्क्रू किंचित आवळून पुन्हा तपासा.

सगळे चुकतात ते इथेच. जोरात आवळलं की जास्त धार, असं नसतं. खरखर वाढते, ढकलताना दम लागतो आणि पाती झिजतात. जुळवूनही कागद कापला जात नसेल, तर ग्राइंडिंग पेस्ट लावून दंडगोल उलटा फिरवतात. मधेच खळगा पडला असेल, तर मात्र कारागिराकडेच न्या.

उंची सगळ्यात शेवटी ठरवा, दोन्ही बाजूंना मोजून सारखी.