अर्जाची कुळकथा

औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, उस्मानपुऱ्यात नाट्यगृहाला संत एकनाथांचे नाव दिले आहे, ते योग्यच आहे. नाथांनी भारुडे रचली आणि ती लोकांसमोर रंगली. पण त्याच भारुडांत सरकारी दफ्तराचे कागदही आहेत, ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. 'अर्जदस्त', 'जाबचिठ्ठी', 'ताकीदपत्र', 'अभयपत्र' ही त्यांच्या भारुडांचीच नावे. अर्जदस्तात शरीर हा परगणा आहे आणि जीव तिथला शेकदार. दंभ, काम, क्रोध हे त्या परगण्याचे शेटे, महाजन, नाईकवाडी होऊन बसले आहेत आणि मुलूख नासवत आहेत, अशी तक्रार तो धन्याकडे लिहून पाठवतो. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार. त्यांच्या हाताखाली नाथ हिशेब पाहत, म्हणून ही भाषा त्यांच्या अंगवळणी पडलेली होती. ती ऐकणाऱ्याला समजत होती, याचा अर्थ सोळाव्या शतकातल्या आपल्या मुलखाला अर्ज चांगला ठाऊक होता.

जमिनीच्या आणि वतनाच्या भांडणात मात्र नुसता अर्ज पुरत नसे. दावा सांगणारा आपला 'करीना' लिहून देई: मूळपुरुष कोण, वतन कुणी दिले, कोणत्या दुष्काळात गाव सोडले, भाऊबंदांनी कधी बळकावले, सगळे पिढीवार. करीना म्हणजे घराण्याची कुळकथाच. दोन्ही पक्षांचे करीने आले की गोतसभा बसे. गावोगावचे पाटील, देशमुख, देशपांडे, बलुतेदार, कधी शेजारच्या परगण्याचे साक्षीदार त्यात असत. निकालाच्या महजरावर सर्वांच्या निशाण्या उमटत. लिहिता न येणारा पाटील नांगर काढी आणि बलुतेदार आपापल्या हत्याराची खूण करी. काही तंटे पैठणच्या ब्रह्मसभेपर्यंत जात, काही दिव्य करून सुटत. त्या सभेत उच्चनीच भरपूर होते, तिचे गोडवे मी गाणार नाही. पण जमीन कुणाची, हे ठरवताना तिथे शेजाऱ्याचे तोंड हा पुरावा होता, आणि सनद जळाली तरी शिवारातली आठवण जळत नसे.

1818 साली पेशवाई गेली आणि अर्जाचा धनी बदलला. सुरुवातीला ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याने जुन्या इनामांना फारसा धक्का लावला नाही. पुढे कंपनीला महसूल कमी पडू लागला आणि सरकारसारा माफ असलेली जमीन साहेबांच्या डोळ्यांत खुपू लागली. 1843 मध्ये दक्षिण महाराष्ट्रात इनामांची चौकशी सुरू झाली, आणि 1852 च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला पक्के अधिकार मिळाले. आता प्रत्येक इनामदाराने आपली कैफियत द्यायची होती: इनाम कुणी, कधी, कोणत्या अधिकाराने दिले, वंशावळ काय, कागद कुठे आहे. वरवर पाहता ही जुन्या करीन्याचीच नक्कल. आतून मात्र सगळे उलटे झाले होते. जमीन आमची नाही हे सरकारने सिद्ध करायचे नव्हते, ती आमची आहे हे आम्हीच सिद्ध करायचे होते. निवाडा करणारे बहुतेक तरुण लष्करी अधिकारी. त्यांच्या निर्णयावर दिवाणी कोर्टात दाद नाही. मागायची तर पुन्हा सरकारकडेच.

ज्याच्या घरावर दोनदा लूट येऊन गेली, त्याने सनद कुठून आणावी? देवळाच्या दिवाबत्तीला कुणी वाफाभर शेत तोंडी दिले असेल, तर त्याचा शिक्का कुठला? गावाने शपथेवर सांगितले तरी पुण्याच्या दफ्तरातल्या रुमालात नोंद सापडत नाही म्हणून इनाम खालसा. हजारो इनामे अशी गेली. साऱ्याची माफी मागणाऱ्यांची ही रड होती, असे म्हणणारे तेव्हाही होते. इनामदारांत ऐतखाऊ पुष्कळ होते, हे खरे. तरीही ज्याचा फायदा होणार तोच न्यायाधीश, ही रीत कोणत्याही दाव्याला घातकच. मुंबईचा इंग्रज संपादक रॉबर्ट नाइट याने 1859 मध्ये या कमिशनचा बुरखा फाडणारे पुस्तकच लिहिले. 1863 मध्ये सरकारने ठराविक आकार घेऊन बाकीचे दावे मिटवायचा कायदा केला.

या धक्क्यातून अर्जाने एक नवी गोष्ट मिळवली. एकट्याच्या कैफियतीला कुणी विचारत नाही, तर ती सगळ्यांनी मिळून करायची. 2 एप्रिल 1870 रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिचा सभासद होण्यासाठी किमान 50 प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र लागे. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांच्या सभेने साऱ्याच्या वाढीपासून 1876-77 च्या दुष्काळापर्यंत सरकारला अर्जांमागून अर्ज पाठवले. गोतसभेतला, कमिशनने हाकललेला शेजारी त्या सह्यांमधून पुन्हा कागदावर आला, असे मी मानतो. ज्यांच्यापर्यंत ही सही पोहोचली नाही, त्यांनी दुसरी वाट धरली: 12 मे 1875 ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतेच जाळली.

इकडे औरंगाबाद मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात. अर्ज फसली सालाचा, आणि पुढे उर्दूतला. इनामाची चौकशी अतियात खात्याकडे, आणि मान्य झालेल्या इनामाचा कागद म्हणजे मुंतखब. आजही देवस्थान किंवा दर्ग्याच्या जमिनीचा वाद निघाला की इथल्या वकिलाचा पहिला प्रश्न असतो, मुंतखब आहे का?

पण गावकुसाबाहेरच्या माणसाकडे ना सनद, ना मुंतखब. त्याने गायरानात दगड वेचून वावर केले. 1953 मध्ये आंबेडकरी नेते दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली मराठवाड्यात भूमिहीनांनी पडीक आणि गायरान जमिनीसाठी सत्याग्रह केला, आणि 6 डिसेंबर 1964 पासून तो देशभर झाला. अखेर 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची पात्र अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. मग ताबा दाखवायचा कशाने? गाव नमुना 1-ई म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही. तिच्यात नाव असणे हा गुन्ह्याचा पुरावा, आणि तोच हक्काचाही. म्हणून माणसे तलाठ्याला विनवत राहिली की साहेब, आमचा गुन्हा लिहा. दंड भरला तर पावती ट्रंकेत जपली. तलाठ्याने नोंद घेतली नाही, तर वीस वर्षांची कसणूक कागदावर शून्य.

2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. त्या निकालात भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद नोंदलेला आहे. तरी 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नोटिसा निघाल्या, तेव्हा त्या धनदांडग्याच्या गोदामाला आणि विधवेच्या दोन एकरांना सारख्याच गेल्या. अशा बाईच्या अर्जाला 1-ईचा उतारा जोडलेला नसेल, तर तहसीलदाराने तिच्या बांधालगतच्या चार शेतकऱ्यांचे जबाब घ्यावेत, जागेवर जाऊन पंचनामा करावा आणि मगच अर्ज निकाली काढावा. तसे करायला आजचा कायदा आड येत नाही.